नॉमिनीचा रकाना

फोन चार वाजता यायचा होता आणि अडीचलाच सगळे जमले, इथेच तात्यांना पहिला संशय आला. या घरात वेळेआधी कुणी येत नसे. थोरला तर स्वतःच्या लग्नालाही वीस मिनिटं उशिरा पोहोचला होता आणि वर म्हणाला होता, "मला वाटलं आधी भाषणं असतील." तो आज भर रविवारी गॅरेज बंद करून, नखांतलं ग्रीस साबणाने काढून, इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या मजल्यावर तात्यांच्या दारात हजर होता. हातात चकचकीत कागदांची पिशवी होती.

"मोठ्या बँकेची माहिती आणलीय, तात्या."

"आधी पायपुसण्यावर पाय पूस."

त्याच्या पाठोपाठ ताई आली आणि ताईच्या मागे धाकटी सून. "जिन्यात भेटलो आम्ही," ताई म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. न विचारता दिलेला खुलासा तात्यांनी आयुष्यभर खोटा धरला होता. पलटणीच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस तो. रजा मागायला आलेला जवान 'आजी वारली' एवढंच सांगून गप्प राहिला तर तात्या अर्ज पुढे सरकवत. आजी कशी वारली, किती वाजता वारली, उशाशी कोण होतं, हे तो सांगू लागला की अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक फुली पडे. ताईच्या वाक्यावरही त्यांनी मनातल्या मनात तशीच फुली मारली.

थोरली सून आली नव्हती, तिला दुकान सोडता येईना. पण तिचं मत थोरला खिशात घालूनच आला असणार, याबद्दल तात्यांना शंका नव्हती.

प्रश्न तसा साधा होता. धाकट्याला घरात सगळे फौजीच म्हणत. तो बर्फातल्या ठाण्यावर होता आणि त्याच्या पलटणीत परिपत्रक निघालं होतं. पुढच्या महिन्यापासून पगार, विमा, पुढेमागे पेन्शन, सगळं एकाच खात्याला जोडलं जाणार. खातं कुठे ठेवायचं ते दहा तारखेच्या आत कळवा. छावणीतली पतसंस्था चालेल, फौजी कुटुंबांसाठी खास खाती उघडणारी मोठी बँकही चालेल. ठाण्यावरून आठवड्यातून एकदा, रविवारी चारला, पाच मिनिटं फोन मिळायचा. मागच्या खेपेला फौजी म्हणाला होता, "तुम्ही चौघं बसून ठरवा. मला नुसतं नाव सांगा, मी टिक करतो."

तात्यांना खातं पतसंस्थेतून हलू द्यायचं नव्हतं. त्यासाठी त्यांच्याकडे बरीच कारणं होती आणि ती सगळी चांगली होती. संस्था फौजींनीच काढलेली, छावणीच्या फाटकाशी, लोखंडी जाळीचे दोन काउंटर आणि एक तक्रारपेटी. ते स्वतः एकेचाळीस नंबरचे सभासद, सहा वर्षं संचालक. ताई तिथे कॅशियर. खरं कारण मात्र कपाटात होतं.

खातं बंद केलं की संस्था एक दाखला देते आणि त्या दाखल्यावर नॉमिनीचं नाव छापून येतं. फौजीच्या खात्यावर आजही नॉमिनी म्हणून तात्याच होते. अठराव्या वर्षी भरती होताना त्याने वडिलांचं नाव दिलं, त्यात गैर काहीच नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं आणि महिन्याभराने तो ठाण्यावर निघाला, तेव्हा या घरच्या रीतीप्रमाणे त्याने डझनभर कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ते तात्यांच्या हवाली केले. ही रीत तात्यांनीच कचेरीतून घरी आणली होती. पलटण हलायची वेळ आली की जवान येत, कोऱ्या कागदांवर सह्या ठोकत आणि "मागून भरून घ्या, बाबूजी," म्हणून ट्रकवर चढत. त्या विश्वासाला तात्यांनी कधी डाग लागू दिला नव्हता. "यातल्या एकावर तिचं नाव घाला, तात्या," फौजी म्हणाला होता. आठवड्याने त्याने फोनवर विचारलं, "घातलं?" आणि तात्या म्हणाले होते, "घातलं."

घातलं नव्हतं. फॉर्म कपाटात तसाच कोरा होता. का घातलं नाही, ते सांगायला तात्यांना तोंड नव्हतं, आणि न सांगता लोक काय धरून चालतील हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यांनीही तेच धरलं असतं.

"हं, बोल," टेबलाशी बसत तात्या थोरल्याला म्हणाले. "काय देते तुझी बँक?"

"माझी कशाला? कमीत कमी शिल्लक ठेवायची अट नाही. कुठल्याही गावात शाखा. रात्री-अपरात्री फोन केला तरी माणूस बोलतो. घरच्यांना मोबाईलवर सगळं दिसतं. आणि विमा फुकट."

"कशाचा विमा?"

"असाच. अपघात वगैरे."

"वगैरे म्हणजे?"

"तात्या, वगैरे म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय."

ताईने मान खाली घातली आणि टेबलावरच्या रेक्झिनची सुरकुती बोटाने सारखी करू लागली. आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा सीमेवर गेला आणि परत आला नाही, तेव्हापासून या घरात 'वगैरे'वरच भागवलं जाई.

"फुकट का?" तात्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"बँक काय माझी आत्या लागते? फुकट का देते ते विचारतोय."

"फौजीचा पगार दर महिन्याला न चुकता येतो म्हणून देते. आणि तो काढायला माणूस वर्षातून एकदाच येतो म्हणून."

"निदान हे तरी खरं बोललास." तात्यांनी चष्मा पुसला. "तुझ्या गॅरेजात ती निळी गाडी उभी असते, ती कुणाची?"

"गिऱ्हाइकाची."

"गिऱ्हाईक काय करतो?"

थोरल्याने एकदा ताईकडे पाहिलं, एकदा छताच्या पंख्याकडे. "त्या बँकेची शाखा सांभाळतो. पण म्हणून काही—"

"मी काही म्हटलं का?"

"तुम्ही म्हणत कुठे काय! नुसतं विचारत सुटता आणि समोरचा आपोआप चोर ठरतो." थोरला तापला. गॅरेजच्या जागेवरून मागच्या वर्षी झालेलं भांडण अजून त्याच्या घशाशी होतं. "बरं, आता मी विचारतो. पतसंस्थेत संचालक कोण होतं? तुम्ही. कॅशियर कोण? ताई. त्याच्या सह्यांचे कोरे कागद कुणाच्या कपाटात? तुमच्या. सगळा घरचाच कारभार, आणि संशय माझ्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर!"

कपाटाचं नाव निघताच तात्यांची नजर तिकडे गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटून गेलं, आणि स्वतःला चोर म्हटल्याचा रागही आला.

"ताई," ते म्हणाले, "तू सांग. संस्थेत काय कमी आहे?"

वकिली करायला याहून चांगली संधी ताईला मिळाली नसती. नऊ वाजता काउंटर उघडणारी, सभासदांच्या बायकांना फॉर्म समजावणारी, संस्थेला कुणी नावं ठेवली की फणकारणारी ताई आज मात्र मूग गिळून बसली होती.

"माझ्या नोकरीची काळजी करू नका," ती शेवटी म्हणाली. "एक खातं गेलं म्हणून माझी खुर्ची जात नाही."

"मी कुठे तसं म्हटलं?"

"तुम्ही म्हणत नाही. तुम्ही तसं बघता."

आता उरली धाकटी. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर अनोळखी माणसांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत 'हे स्पष्ट, की हे?' असं विचारून विचारून तिचा आवाज इतका सौम्य झाला होता की ती भांडते आहे हे समोरच्याला बऱ्याच उशिरा कळे. चार वर्षांत तिने तात्यांना एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि हेही तात्यांच्या हिशेबी तिच्या विरुद्धच जमा होतं. इतकी गुणी सून असते कुठे? तरुण आहे, कमावती आहे, उद्या काही वगैरे झालं तर ही इथे कशाला राहील? अशी वाक्यं त्यांच्या मनात येऊन जात. मग त्यांना आपलीच लाज वाटे. तरी वाक्यं येतच.

"मला पतसंस्था चालेल," धाकटी म्हणाली.

तात्यांना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. त्यांचे कान टवकारले.

"अगं पण परवा तर आपलं ठरलं होतं की बँक—" थोरला बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"परवा?" तात्यांनी तिघांवरून नजर फिरवली. "परवा कुठे ठरलं? काय ठरलं?"

"माझ्याकडे," ताई म्हणाली. "आम्ही तिघं बसलो होतो."

"मला सोडून?"

"हो. तुम्हाला सोडून."

म्हणजे पाणी मुरत होतं ते इथे. जिन्यात भेटलो म्हणे! आईच्या आजारपणात एकमेकांचं तोंड न बघणारी ही भावंडं, आणि आता बापाच्या पाठीमागे एका टेबलाशी बसून चहा पितात. तात्यांना एवढं एकटं एकटं वाटलं की क्षणभर ते कपाटही विसरले.

"तात्या, रागावू नका," धाकटी म्हणाली. "माझं एवढंच म्हणणं आहे. बँक असो नाहीतर संस्था, मला दोन्ही सारखीच. तुमचा जीव संस्थेत आहे तर संस्थाच असू दे. फक्त नॉमिनीच्या रकान्यात माझं नाव आहे, तेवढं मला एकदा दाखवा. मग मी पुन्हा विषय काढणार नाही."

"दाखवायचं काय त्यात? घातलंय म्हणून सांगितलं ना."

"कधी घातलंत?"

"चार वर्षं झाली."

"ताई," धाकटी म्हणाली. आवाज तोच, भिंग बदलताना असतो तसा.

ताईने मान वर केली. "परिपत्रक आलं तेव्हा जवानांच्या खात्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. एकेक खातं उघडून तपासायचं होतं. त्याचंही उघडलं. नॉमिनी, वडील. चार वर्षांत त्या रकान्याला कुणी हात लावलेला नाही."

"कागद दाखव."

"कागद संस्थेबाहेर काढायचा नाही, हा नियम तुम्हीच केलाय, संचालक असताना. मी वाचलाय. दोनदा."

"लिहिणाऱ्याची चूक असेल. मी दिला होता फॉर्म, कुणी चढवलाच नसेल—"

"आवकच्या वहीत नोंद नाही, तात्या. तीही बघितली."

आपण वाढवलेली मुलगी आपल्याच रीतीने आपली उलटतपासणी घेते आहे, हे तात्यांना कळलं आणि इतक्या गडबडीतही तिच्या कामाबद्दल थोडा अभिमान वाटला. तेवढ्यात थोरल्याने टेबलावर दोन्ही हात टेकले.

"म्हणजे उद्या त्याला काही झालं असतं," तो सावकाश म्हणाला, "तर सगळं तुम्हाला? आणि हिला काय, हारतुरे?"

तात्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. चारला दोन मिनिटं होती.

फौजी घरांमध्ये एक नियम कुणी न शिकवता सगळे पाळतात. ठाण्यावरच्या माणसाला फोनवर वाईट बातमी सांगायची नाही. छप्पर गळत असलं तरी सांगायचं, मजेत आहोत. धाकटीने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, स्पीकर लावला, आणि चौघांचे चेहरे असे काही सरळ झाले की दारातून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, किती गोडीगुलाबीने राहतात ही माणसं!

"हॅलो? आवाज येतोय?" फौजीचा आवाज खरखरत आला.

"येतोय," चौघं एकदम म्हणाले.

"सगळे आहात? दादाही? गॅरेज बंद आहे का काय?"

"तुझ्यासाठी बंद ठेवलं," थोरला म्हणाला. "थंडी किती?"

"विचारू नकोस. मोजे काढताना बोटं बरोबर आहेत ना ते मोजून घेतो. ताई, कशी आहेस? तात्या, गुडघा?"

"गुडघा उत्तम," तात्या म्हणाले. तो सकाळपासून ठणकत होता.

"मग, ठरलं का?"

तात्या फोनकडे बघत राहिले. धाकटी आता सांगणार. सांगावंच तिने, तिचा हक्क आहे. आणि तो तिकडे, बर्फात, हातात रिसीव्हर धरून, बापाबद्दल काय ऐकणार!

"ठरलं," धाकटी म्हणाली. "पतसंस्था."

"अरे वा. तात्या खूश?"

"खूप."

"एक विचारायचं होतं. तिथे तुझं नाव आहे ना गं? इथे सगळे तेच तपासतायत. आमच्यातल्या एकाचं अजून आईच्याच नावावर निघालं, बायको फोनवर रडली बिचारी."

धाकटीने तात्यांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तात्यांना सोसलं असतं.

"आहे," ती म्हणाली. "तात्यांनी तेव्हाच घातलंय."

"मला माहीतच होतं. तात्यांनी केलं म्हणजे काम पक्कं. तात्या, ऐकताय ना?"

"ऐकतोय, बाळा," तात्या म्हणाले. फौजीला बाळा म्हणून त्यांना पंधरा वर्षं झाली असतील.

मग फौजी कुणाच्या तरी वाढदिवसाचं, एका कुत्र्याच्या पिल्लाचं काहीबाही सांगत राहिला आणि वाक्याच्या मध्येच लाइन गेली. धाकटीने फोन उचलून पदरात घ्यावा तसा दोन्ही हातांत धरला, मग खाली ठेवला.

"मी तुमच्यासाठी खोटं बोलले नाही," ती म्हणाली. "त्याला आठवडाभर पहारा करायचाय. मनात हे असलं घेऊन त्याने तो करू नये म्हणून बोलले. आता फॉर्म काढा. कोऱ्या सह्या केल्याचं त्यानेच मला सांगितलंय."

तात्या उठले. कपाट उघडायला त्यांना वेळ लागला, कारण किल्ली नेहमीच्या खिशात असूनही ते दुसऱ्याच खिशात शोधत राहिले. लिफाफ्यातून त्यांनी फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला. खाली फौजीची सही, वर सगळे रकाने मोकळे.

"पैशासाठी ठेवला नव्हता," ते म्हणाले.

धाकटीने मोकळ्या रकान्यांवरून नजर फिरवली.

"माझा हात धजला नाही. चारदा काढला, चारदा परत ठेवला. खरं सांगतो. मी घरातल्या एकाच माणसाचा हा रकाना भरलाय. तो गेला. पुन्हा नाही भरवला."

थोरला हसला. वाईट हसला. "एकतीस वर्षं काय दुसरं करत होतात तुम्ही? हजार माणसांचे भरले असतील. सगळे मेले?"

"ते परके होते."

"तात्या, चार वर्षं 'घातलं, घातलं' म्हणून सांगितलंत. आता पकडले गेल्यावर ही गोष्ट! तुमच्याकडे कुणी असं सांगत आलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

पेन्सिलीने फुली मारली असती. तात्यांना हे इतकं स्वच्छ दिसलं की ते खुर्चीत बसलेच. जन्मभर त्यांनी मुलांना एकच शिकवण दिली होती, कुणाच्या बोलण्यावर जाऊ नका. मुलांनी ती मन लावून घेतली होती. आणि आज, आयुष्यात पहिल्यांदा मनातलं जसंच्या तसं बाहेर काढलं, तर ते ठेवायला या खोलीत कुणाच्या मनात जागा नव्हती.

"तो फॉर्म मी पाहिलाय," ताई म्हणाली.

"कुठला?" थोरल्याने विचारलं.

"माझ्या नवऱ्याचा. त्याचंही खातं आपल्याच संस्थेत होतं. सात वर्षांपूर्वी नोकरीला लागले, त्याच महिन्यात जुन्या फायलींतून काढून पाहिला. नॉमिनी, त्याचे वडील. अक्षर तात्यांचं."

थोरल्याचं हसू गेलं. तात्यांना वाटलं, खाली रस्त्यावर जावं, कुठेही जावं.

"जावयाने सांगितलं ते मी लिहिलं," ते म्हणाले. "तो म्हणाला, वडिलांचं घाला. कारकून विचारत नाही कुणाचं का म्हणून."

"बाप विचारतो."

"लोक म्हणाले असते, सासरा मुलीसाठी हात मारतोय."

"आणि मी सासरहून एक सुटकेस घेऊन परत आले तेव्हा लोक काय म्हणाले, ते कुणी ऐकलं? तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, ताईने मोठ्या मनाने सोडून दिलं म्हणून. मी काय सोडलं, तात्या? माझं तिथे काही होतंच कुठे?" ताईचा आवाज चढला नाही. "त्या सासरच्यांना तुम्ही सामील होता, असं मी इतकी वर्षं धरून चाललेय. तुमच्या ताटात जेवले आणि तसं धरून चाललेय."

तात्यांना वाटत होतं की या घरात संशय घेणारे ते एकटेच. सात वर्षं त्यांच्यासमोर बसून त्यांची मुलगी त्यांच्यावर फुली मारत होती आणि त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसले नाहीत, कारण पुसले तर तेही सोंग ठरेल अशी भीती वाटली.

"सामील नव्हतो," ते एवढंच म्हणाले. "भित्रा होतो."

धाकटीने पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं. "लिहा."

"ताईने लिहिलं तर चालणार नाही का?"

"नाही. त्याने तुम्हाला सांगितलं होतं."

तात्यांनी पेन घेतलं. एकेचाळीस नंबरच्या सभासदाला, हजारभर जवानांच्या बाबूजीला, एक नाव लिहायचं होतं. आपण लिहितोय आणि तिकडे काहीतरी हलतंय, ही कल्पना त्यांच्या डोक्यातून जाईना. मूर्खपणा आहे, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं आणि मगच पेन कागदावर टेकवलं. त्यांनी धाकटीचं पूर्ण नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहिलं. हिस्सा, पूर्ण. मग तारखेशी अडले, आणि ताईने हळूच आजची तारीख सांगितली, जणू ती त्यांना माहीत नव्हती. साक्षीदार म्हणून तिनेच सही केली, पण आधी प्रत्येक ओळीखाली बोट फिरवून पूर्ण फॉर्म वाचला.

"उद्या सकाळी मीच नेऊन देतो," तात्या म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

थोरला खिडकीकडे बघू लागला. धाकटीने फॉर्मची घडी घातली, लिफाफा घेतला, उरलेले कोरे फॉर्मही त्यातच सरकवले आणि पर्सची चेन लावली.

"नको, तात्या," ती म्हणाली. वयस्कर माणसाला जिना उतरताना म्हणावं तितक्या मायेने म्हणाली. "दुकानात जाण्याआधी मीच जाईन."

तात्यांचा हात टेबलावर तसाच राहिला. मग त्यांनी तो मांडीवर घेतला.

थोरला गेला, जाताना बँकेचे कागद विसरला की मुद्दाम ठेवून गेला ते कळलं नाही. धाकटी गेली. तिने नेहमीप्रमाणे वाकून तात्यांच्या गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या आहेत ना ते पाहिलं आणि मगच गेली. ताई मागे राहून कप विसळत होती. नळ बंद झाल्यावर ती हात पुसत बाहेर आली आणि दारात चप्पल घालताना थांबली.

"सात आठवडे," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या नवऱ्याच्या फॉर्मवरची तारीख, आणि तो गेला ती तारीख. मध्ये सात आठवडे होते. तुम्हीही मोजले असणार."

तात्यांनी मान हलवली. पहिली दोन वर्षं त्यांनी दुसरं काही मोजलंच नव्हतं.

"उद्यापासून सात आठवडे, रोज काउंटर बंद केला की मी इकडेच येईन. एकटे बसून नाही नाही ते मनात आणाल."

"म्हणजे तुझा विश्वास बसला?"

ताईने चपलेचा बंद ओढून घट्ट केला. "तुम्ही घाबरलात, यावर बसला," ती म्हणाली. "तुमच्यावर बसेल तेव्हा सांगेन."